हरलेल्या मॉडेलचे दहा मार्क

‘एक्सप्लेन ओएसआय रेफरन्स मॉडेल विथ नीट डायग्रॅम. टेन मार्क्स.’

कॉम्प्युटर किंवा आयटी इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून हा प्रश्न विचारा, तो सात चौकोन काढून दाखवेल. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. क्रम चुकू नये म्हणून ‘प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे’ हे वाक्य पाठ करायचं. आमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांनी तोवर सॉसेज पाहिलंही नव्हतं, पण वाक्य सगळ्यांना पाठ. इन-सेमला हा प्रश्न, एंड-सेमला हा प्रश्न, ओरलला एक्सटर्नलचा पहिला प्रश्न हाच. पुढे कॅम्पस इंटरव्ह्यूलाही हाच.

गेली काही वर्षं मी सर्व्हरच्या बाजूचं सॉफ्टवेअर लिहितो. काही अडलं की वायरशार्क उघडून तारेवरून काय चाललंय ते बघणं हा माझ्या कामाचा भाग आहे. तिथे एखादं पॅकेट उलगडलं की आधी इथरनेट दिसतं, मग आयपी, मग टीसीपी, मग टीएलएस, मग एचटीटीपी. सेशन लेयर नावाचं काही दिसत नाही. प्रेझेंटेशन लेयरही नाही. ज्या दोन चौकोनांवर आम्ही प्रत्येकी चार-पाच ओळी लिहून मार्क मिळवले, ते खऱ्याखुऱ्या पॅकेटमध्ये सापडतच नाहीत.

मग हे सात थर आले कुठून? पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत असतं: आयएसओ या संस्थेने १९८४ साली हे मॉडेल प्रसिद्ध केलं. बस. ते का केलं, कुणाविरुद्ध केलं, पुढे त्याचं काय झालं, यातलं काहीच नाही. खरी गोष्ट अशी आहे की ओएसआय हा इंटरनेटचा नकाशा नाही. तो इंटरनेटच्या प्रतिस्पर्ध्याचा नकाशा आहे. सरकारांनी पाठिंबा दिलेलं, मोठमोठ्या कंपन्यांनी मान्य केलेलं एक वेगळंच जागतिक नेटवर्क या सात चौकोनांवर उभं राहणार होतं. ते राहिलं नाही. आपण दहा मार्कांना लिहितो ते त्याचं उरलेलं चित्र आहे.

पोस्टकार्ड की ट्रंक कॉल

भांडणाची सुरुवात सात थरांच्या बरीच आधी होते. साठच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस या दोघांना स्वतंत्रपणे एकच कल्पना सुचली: मोठ्या संदेशाचे छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा नेटवर्कमधून आपला आपण पाठवायचा. या तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिलं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर १९६९ साली आर्पानेट सुरू झालं ते याच कल्पनेवर.

पण तुकडे हरवले तर? उलटसुलट क्रमाने पोचले तर? ही जबाबदारी कुणाची, नेटवर्कची की दोन टोकांच्या कॉम्प्युटरांची?

एक उत्तर ट्रंक कॉलसारखं होतं. आधी एक्स्चेंजने दोन टोकांमध्ये वाट बांधून द्यायची, मग सगळी पॅकेट्स त्याच वाटेने, क्रमाने, न हरवता जातील. याला व्हर्च्युअल सर्किट म्हणतात. दुसरं उत्तर पोस्टकार्डासारखं होतं. प्रत्येक कार्डावर पत्ता लिहा आणि पेटीत टाका. एखादं हरवलं तर पाठवणारा पुन्हा पाठवेल. याला डेटाग्राम म्हणतात. फ्रान्समध्ये लुई पूझां यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिक्लाद नावाचं नेटवर्क उभारलं, ते दुसऱ्या उत्तराचं होतं. नेटवर्क साधं ठेवा, शहाणपण टोकांना ठेवा. अमेरिकेत व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी मे १९७४ मध्ये जो पेपर लिहिला, ज्यातून पुढे टीसीपी आणि आयपी निघाले, त्यावर पूझां यांच्या कामाचा प्रभाव होता.

ट्रंक कॉलवाले मात्र ताकदवान होते. युरोपात टेलिफोन म्हणजे सरकारी डाक-तार खातं. आपल्याकडेही १९८५ पर्यंत पोस्ट आणि टेलिफोन एकाच खात्यात होते, म्हणजे चित्र ओळखीचंच आहे. नेटवर्क साधं झालं आणि शहाणपण टोकाच्या कॉम्प्युटरात गेलं, तर खात्याकडे उरते नुसती तार. नुसत्या तारेचे कितीसे पैसे मिळणार? या खात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७६ साली एक्स.२५ हे स्वतःचं मानक काढलं, अर्थात व्हर्च्युअल सर्किटचं. सिक्लादचे पैसे काही वर्षांत आटले.

आम्हाला परीक्षेत ‘डिफरन्स बिटवीन व्हर्च्युअल सर्किट अँड डेटाग्राम’ असा तक्ता लिहायला सांगायचे. सहा मुद्दे, सहा मार्क. त्या तक्त्याच्या दोन रकान्यांमागे दोन बाजूंची माणसं होती, त्यांच्या नोकऱ्या होत्या, सरकारी तिजोऱ्या होत्या, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तक्ता पाठ करावा लागला नसता.

सातच का?

तिसरी बाजू होती कॉम्प्युटर कंपन्यांची. आयबीएमने १९७४ मध्ये एसएनए नावाची स्वतःची नेटवर्क रचना आणली. इतरांनीही आपापल्या काढल्या. एका कंपनीचं मशीन दुसरीच्या मशीनशी बोलत नसे. एकदा आयबीएम घेतलं की पुढचं सगळं आयबीएमकडूनच घ्यायचं. यावर तोडगा म्हणून आयएसओने १९७७ मध्ये एक उपसमिती नेमली. ‘ओपन सिस्टिम्स इंटरकनेक्शन’ या नावातला ‘ओपन’ हा शब्द इथून आला: कुठल्याही कंपनीचं मशीन कुठल्याही कंपनीच्या मशीनशी बोलू शकेल असं खुलं.

उपसमितीचे अध्यक्ष होते चार्ल्स बाखमन. डेटाबेसच्या कामासाठी १९७३ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालेला हा माणूस तेव्हा हनीवेल कंपनीत होता. मार्च १९७८ मध्ये वॉशिंग्टनला पहिली बैठक झाली. हनीवेलच्या स्वतःच्या रचनेत सात थर होते आणि समितीपुढे आलेला प्रस्ताव त्यावर बेतलेला होता. थोड्याफार फेरफारांनी तोच स्वीकारला गेला. मॉडेलचं सर्वांत प्रसिद्ध स्पष्टीकरण १९८० साली युबेर झिमरमन यांनी लिहिलं. हे स्वतः पूझां यांच्या सिक्लादमध्ये काम केलेले. १९८४ मध्ये आयएसओ ७४९८ या क्रमांकाने मानक छापलं गेलं.

म्हणजे सात हा आकडा निसर्गनियम नाही. तो एका कंपनीच्या रचनेतून आणि एका समितीच्या घाईतून आलेला आहे. त्याच्या खुणा मॉडेलवर अजून दिसतात. सेशन आणि प्रेझेंटेशन हे थर जवळजवळ रिकामे, आणि डेटा लिंक व नेटवर्क इतके भरलेले की त्यांत पोट-थर पाडावे लागले. डेटा लिंकचे एलएलसी आणि मॅक असे दोन तुकडे का, हा प्रश्न वर्गात कुणालातरी पडतोच. कारण साधं आहे. मॉडेल आखताना डोळ्यापुढे होती दोन मशीनमधली सरळ तार. एकाच केबलवर अनेक मशीन्स लटकवणारं इथरनेट तेव्हा नुकतंच प्रयोगशाळेतून बाहेर पडत होतं. ते पसरल्यावर ‘आता बोलायची पाळी कुणाची’ हे ठरवायला जागा हवी झाली, आणि १९८० साली सुरू झालेल्या आयट्रिपलईच्या ८०२ समितीने दुसऱ्या थराच्या पोटात ती करून दिली. घर बांधून झाल्यावर पाहुणा आला, म्हणून खोलीत पार्टिशन घातलं.

तरीही ओएसआयला खलनायक ठरवणं सोपं नाही. आयएसओमध्ये देशांच्या मानक संस्था सभासद असतात आणि एका देशाला एक मत असतं. भारत १९४७ पासून, स्थापनेपासून, त्यात आहे. घरातल्या कुकरवर ज्या संस्थेचा आयएसआय छाप असतो, तीच संस्था तिथे भारताची प्रतिनिधी. समोर टीसीपी/आयपी होतं अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून आलेलं, काही मोजक्या संशोधकांनी आपसात ठरवलेलं. ऐंशीच्या दशकात दिल्लीत बसून विचार करणाऱ्या अधिकाऱ्याला यातलं लोकशाहीचं आणि सार्वभौमत्वाचं कुठलं वाटलं असेल, याचा अंदाज करा. मला तरी तो अधिकारी चुकीचा वाटत नाही.

समिती जिंकते, कोड पुढे जातो

एक मत एक देश हे तत्त्व चांगलं, पण त्याने प्रत्येकाचा हट्ट मान्य करावा लागतो. डेटाग्रामवाले आणि व्हर्च्युअल सर्किटवाले दोघेही एकाच खोलीत होते. कुणी मागे हटेना, तेव्हा दोन्ही मानकात घेतले. ट्रान्सपोर्ट थराचे पाच वेगवेगळे वर्ग झाले, टीपी-० ते टीपी-४. दोन कंपन्यांनी दोन वेगळे वर्ग निवडले तर मानक पाळूनही त्यांची मशीन्स एकमेकांशी बोलायची नाहीत. ज्या रोगावर औषध म्हणून हे सगळं सुरू झालं होतं, तोच रोग पुन्हा हजर.

इकडे समितीचे कागद तयार होत होते तोवर दुसरीकडे कोड चालू झाला होता. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेटने जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी घेतलं. आठवड्याआठवड्याने नाही, एका तारखेला. त्या बदलातून निभावून निघालेल्यांनी ‘मी यातून वाचलो’ अशा अर्थाचे बिल्ले छातीवर लावले होते. त्याच वर्षी बर्कलीच्या विद्यापीठाने आपल्या युनिक्सची ४.२ ही आवृत्ती दिली. तिच्यात टीसीपी/आयपी आतच होतं. विद्यापीठांनी युनिक्स घेतलं, नेटवर्क आपोआप आलं. नियम वाचायचे तर आरएफसी नावाची टिपणं कुणालाही फुकट मिळत. आयएसओचे कागद विकत घ्यावे लागत आणि ते स्वस्त नव्हते.

सरकारांना मात्र कागद जास्त पटत होते. ज्या अमेरिकेच्या पैशातून टीसीपी/आयपी निघालं, त्याच अमेरिकेच्या सरकारने गोसिप नावाचा नियम केला: ऑगस्ट १९९० पासून सरकारी खात्यांनी नेटवर्क घ्यायचं ते ओएसआय प्रोटोकॉल चालवणारंच. ब्रिटननेही असाच नियम केला. खात्यांनी नियमाप्रमाणे ओएसआयची सोय असलेली मशीन्स घेतली आणि त्यांवर काम मात्र बहुतेक टीसीपी/आयपीवरच चालवलं. सरकारी खरेदीचा अनुभव असलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

शेवटची ठिणगी १९९२ मध्ये पडली. आयपीच्या पत्त्याला ३२ बिट, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते. ते संपणार हे दिसत होतं. ओएसआयच्या सीएलएनपी या प्रोटोकॉलमध्ये पत्ता २० बाइटपर्यंत लांब असू शकत होता. इंटरनेटच्या वरिष्ठ मंडळाने जूनमध्ये जपानमधल्या कोबे इथे ठरवलं की पुढचा आयपी या सीएलएनपीवर बेतावा. तांत्रिकदृष्ट्या हे अगदीच अवाजवी नव्हतं. पण प्रत्यक्ष कोड लिहिणाऱ्या इंजिनिअरांच्या मेळ्यात, आयईटीएफमध्ये, आग लागली. शत्रूचा प्रोटोकॉल वरून लादला जातोय, तोही आम्हाला न विचारता! जुलैमध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजला बैठक भरली. डेव्हिड क्लार्क यांनी तिथे एक स्लाइड दाखवली. तिचा आशय असा: राजे नकोत, अध्यक्ष नकोत, मतदानही नको, ढोबळ सहमती आणि चालणारा कोड, एवढंच आम्ही मानतो. नेहमी थ्री-पीस सुटात वावरणाऱ्या व्हिंट सर्फ यांनी त्याच बैठकीत भाषण करता करता कोट, जाकीट, शर्ट उतरवला. आत टी-शर्ट होता आणि त्यावर आयपी सगळ्यावर चालेल अशा अर्थाचा, थोडा चावट श्लेष होता. कोबेचा निर्णय मागे पडला. पुढे जो नवा आयपी आला तो आयपीव्ही६.

जुहू ते दिल्ली

हे सगळं दूर देशी चाललं होतं असं समजू नका. इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. त्यात पाच आयआयटी होत्या, बंगळूरची आयआयएससी होती, दिल्लीचं खातं होतं आणि मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी ही संस्था होती. सुरुवात ईमेलने झाली. १९९१ च्या जानेवारीत दिल्ली-मुंबई अशी पहिली लीज्ड लाइन आली, वेग ९.६ केबीपीएस. तुमच्या फोनमधला तीन एमबीचा एक फोटो त्या तारेवरून जायला चाळीस मिनिटांहून जास्त लागली असती. पुढच्या वर्षी एनसीएसटीतून अमेरिकेपर्यंत ६४ केबीपीएसचा दुवा सुरू झाला.

या आठ संस्थांनी कुठला प्रोटोकॉल घेतला? दोन्ही. अर्नेटच्या कण्यावरून टीसीपी/आयपी आणि ओएसआय असे दोन्ही संच चालत होते. त्या काळी हेच शहाणपणाचं होतं. जगातली सरकारं एकीकडे, चालणारी यंत्रं दुसरीकडे, आणि आपल्यासारख्या देशाला चुकीचा घोडा परवडणारा नव्हता. १९९५ नंतर जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर गेली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि भारतापुरता प्रश्न मिटला.

म्हणजे आपल्या सिलॅबसमधले सात थर हा निव्वळ परदेशी पुस्तकाचा उतारा नाही. ओएसआय या देशात खरोखर चाललेलं आहे, आपल्या इंजिनिअरांनी ते जोडून, तपासून, शेवटी बाजूला ठेवलेलं आहे. ओएसआयवरच्या दहा मार्कांच्या उत्तरात मी जुहूचं नाव एकदाही वाचलेलं नाही.

मग शिकवायचंच कशाला?

अँड्र्यू टॅनेनबॉम यांचं ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ १९८१ मध्ये पहिल्यांदा आलं, तेव्हा ओएसआय हेच भविष्य वाटत होतं. पुस्तकाची मांडणीच सात थरांची होती. पुढे टॅनेनबॉम यांनी स्वतः त्याच पुस्तकात ओएसआय का फसलं याची कारणं लिहिली: वेळ चुकली, तंत्र चुकलं, अंमलबजावणी चुकली, राजकारण चुकलं. मांडणीही पाच थरांवर आणली. कुरोस आणि रॉस यांचं पुस्तक तर ॲप्लिकेशनपासून सुरू होऊन खाली उतरतं. आपल्या परीक्षेत मात्र सात चौकोन टिकले. माझा अंदाज असा की ते प्रश्नपत्रिकेला फार सोयीचे आहेत. चौकोन मोजता येतात, मार्क वाटता येतात, तपासणाऱ्याला वाद घालावा लागत नाही.

तरीही मी ते सिलॅबसमधून काढा असं म्हणणार नाही. एक तर भाषा. ऑफिसात आम्ही रोज ‘एल-४ लोड बॅलन्सर’, ‘एल-७ चा प्रॉब्लेम दिसतोय’ असं बोलतो. हे आकडे ओएसआयचे आहेत. ज्या मॉडेलवर नेटवर्क उभं राहिलं नाही, त्याचे क्रमांक सगळ्या जगाने घेतले. दुसरं, हरलेल्यांचं बरंच सामान जिंकलेल्यांच्या घरात आहे. बँकेची साइट उघडल्यावर तुमचा फोन जे सर्टिफिकेट तपासतो ते एक्स.५०९ प्रकारचं असतं, आणि एक्स.५०९ हे मूळ ओएसआयच्या काळातल्या एक्स.५०० डिरेक्टरीचं अंग. ऑफिसचं लॉगिन ज्या एलडॅपवरून चालतं तो त्याच डिरेक्टरीचा हलका अवतार. मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या आत रस्ते ठरवणारा आयएस-आयएस हा ओएसआयचा प्रोटोकॉल. ४जी आणि ५जी टॉवर तुमच्या फोनशी ज्या सूचनांची देवघेव करतात, त्यांची व्याख्या एएसएन.१ या ओएसआय घराण्यातल्या भाषेत लिहिलेली असते. पत्त्यांच्या बाबतीतही लांब पत्ता मागणारे बरोबर होते. आयपीव्ही४ च्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. आज भारत आयपीव्ही६ वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत आहे, कारण आपल्या एवढ्या फोनांना जुने पत्ते पुरणारच नव्हते.

मला खटकतं ते वेगळंच. मॉडेल शिकवताना त्याची तारीख आणि माणसं काढून टाकली की ते धर्मग्रंथासारखं होतं. मग ओरलला कुणीतरी विचारतं, ‘टीएलएस कुठल्या लेयरला?’ याला एक बरोबर उत्तर नाही. टीएलएस आलं नव्वदच्या दशकात, सात चौकोन आखून झाल्यावर, दुसऱ्याच घरात. कुणी सहा म्हणतं, कुणी पाच, कुणी चार आणि सातच्या मध्ये. २०२१ मध्ये मानक झालेला क्विक तर ट्रान्सपोर्ट आणि एन्क्रिप्शन एकत्रच बांधतो. इतिहास माहीत असलेला विद्यार्थी म्हणेल, ‘सर, हा प्रश्न ज्या चौकटीत विचारलाय ती या प्रोटोकॉलसाठी आखलेलीच नाही.’ इतिहास माहीत नसलेला म्हणेल, मला नेटवर्क्स जमत नाही. हे दुसरं वाक्य मी हॉस्टेलवर खूपदा ऐकलंय. बोलणारी मुलं मराठी माध्यमातून, डिप्लोमातून आलेली, हाताने उत्तम काम करणारी होती. आरजे-४५ क्रिम्प करावं तर त्यांनीच. पॅकेट ट्रेसरमध्ये राउटर कॉन्फिगर करायला बाकीचे त्यांच्याकडे जायचे. चित्रात आणि तारेत मेळ बसत नव्हता, आणि त्यांना वाटायचं की कमी आपल्यातच आहे.

प्रश्न असा विचारता येईल: ओएसआय आणि टीसीपी/आयपी यांत कोण टिकलं, का टिकलं, आणि हरलेल्याचं काय बरोबर होतं? दहाच मार्क. आकृती हवी तर काढा.

आणि इन-सेमच्या आधी एक आरएफसी स्वतः वाचून बघा. क्रमांक ७६८, यूडीपीचा, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८० मध्ये लिहिलेला. फोनवर उघडतो, फुकट आहे, आणि मोजून तीन पानांचा आहे. कॉलेजच्या बसमध्ये वाचून होतो.